मी कापलेले चाळीस सेकंद

चार वर्षांपूर्वी एका चंगाई सभेच्या व्हिडिओतून मी चाळीस सेकंद कापले. त्या चाळीस सेकंदांत भयंकर असं काही नव्हतं. एक बाई खाली बसते, एवढंच.

पन्नाशीची बाई होती. दोन्ही गुडघे गेलेले. दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून ती स्टेजवर आली. ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, माइकमध्ये येशूचं नाव घेतलं आणि तिने मुलांचे खांदे सोडले. एक पाऊल, दोन पावलं, आठ पावलं. आठ हा आकडा पक्का आठवतो, कारण नंतर टाइमलाइनवर ती पावलं मी कितीतरी वेळा मागेपुढे केली. मंडपातले लोक हालेलुया म्हणत उभे राहिले. नवव्या पावलाला ती स्टेजच्या कडेला गेली आणि गुडघा धरून बसली. मुलांनी तिला दोन्ही बाजूंनी उचललं, मागच्या पायऱ्यांवरून उतरवलं आणि रिक्षात बसवलं. माझा कॅमेरा चालूच होता.

मी आठव्या पावलावर कट मारला आणि पुढे हात वर केलेल्या गर्दीचा शॉट जोडला. मागे संगीत चढवलं. थंबनेलवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं, ‘विश्वासाने चालली!’

तेव्हा मी लग्नाच्या ऑर्डरी करायचो. लग्नसराई संपली की हातात काम नसायचं, आणि ही महिन्याच्या पगाराची नोकरी होती. शिवाय आम्ही ख्रिस्ती. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते. त्यामुळे हे काम म्हणजे सेवाच, असं घरातही सगळ्यांना वाटलं. आणि कापणं म्हणजे खोटं बोलणं, हे मला तेव्हा सुचलंही नाही. लग्नाच्या व्हिडिओतही आम्ही कापतोच की. रुसलेले व्याही, पंगतीत सांडलेली आमटी, नवऱ्या मुलाच्या काकांची लडखडती चाल. पाहुण्यांना बघायला बरं वाटेल तेवढंच ठेवायचं, हा आमचा धंदा.

पुढच्या वर्षी माझ्या मोठ्या मावशीच्या पायाचा अंगठा काढावा लागला. तिला बारा-तेरा वर्षांपासून शुगर होती. अंगठ्याला जोडा लागून जखम झाली, ती भरेना, काळी पडली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं, की तिने सहा-सात महिन्यांपासून गोळ्या बंद केल्या होत्या. कुणालाही न सांगता. मी भेटायला गेलो तर तिने उशीखालचा फोन काढला आणि मला एक व्हिडिओ दाखवला. तोच. आठ पावलं, वर गेलेले हात, पिवळी अक्षरं.

“हे बघून मला धीर आला होता रे,” ती म्हणाली. “मग वाटलं, एकीकडे विश्वास ठेवायचा आणि दुसरीकडे गोळी पण घ्यायची, म्हणजे देवाला फसवल्यासारखंच की.”

तो व्हिडिओ मी केलाय, हे तिला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

*

ब्रदरनी कधीही ‘गोळ्या बंद करा’ असं स्टेजवरून म्हटलं नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूने सांगतो, कारण ते खरं आहे. पण मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, की जे बरे झाले नाहीत त्यांचंही काहीतरी दाखवू या, निदान डॉक्टरांना विचारूनच औषधं बदला असं खाली लिहू या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाळा, आपण लोकांचा विश्वास वाढवायला बसलोय, संशय नाही.” मी पुन्हा एकदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं ते लेखी, व्हॉट्सॲपवर.

त्या रविवारी उपदेशाचा विषय होता मंडळीत शिरलेले खोटे शिक्षक. पेत्राचं दुसरं पत्र वाचलं गेलं, यहूदाचं पत्र वाचलं गेलं. मेंढरांच्या कातड्यात आलेल्या लांडग्यांबद्दल मत्तयाच्या शुभवर्तमानातून वाचलं गेलं. शेवटी स्तोत्रांमधलं ते वाक्य आलं, जे अशा जागी हटकून येतं : देव आपल्या अभिषिक्तांना हात लावू नका म्हणतो, त्याचा आशय. माझं नाव कुणी घेतलं नाही. गरजच नव्हती. उपासनेनंतर माझ्याशी कुणी हात मिळवला नाही आणि संध्याकाळपर्यंत मी सगळ्या ग्रुपमधून बाहेर होतो.

घरी आलो आणि आजोबांचं बायबल काढलं. खरं सांगायचं तर रागाने काढलं. मला ती वचनं उलटी फिरवून त्यांच्यावर फेकायची होती. पण वाचत गेलो तसा माझाच पाय त्यात अडकत गेला.

*

पहिली गोष्ट सापडली ती त्या स्तोत्रातच. एकशे पाचवं स्तोत्र. ते वाक्य कुणाबद्दल आहे, हे त्याच्या आधीच्या दोन-तीन ओळी वाचल्या की कळतं. अब्राहाम आणि त्याची पोरंबाळं संख्येने मूठभर होती, परक्या मुलखात या राज्यातून त्या राज्यात भटकत होती, आणि त्यांना कुणी त्रास देऊ नये म्हणून देवाने राजांना दम दिला. म्हणजे तिथले ‘अभिषिक्त’ हे बिनजमिनीचे भटके आहेत, आणि धाक ज्यांना घातलाय ते सिंहासनावर बसलेले आहेत. दुबळ्यांना बलवानांपासून वाचवणारं ते वाक्य आहे. माइक ज्याच्या हातात आहे त्याने ते समोर बसलेल्यांना ऐकवायचं, म्हणजे छत्री उलटी धरण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट जास्त बोचली. मी समजत होतो, की चमत्कार खरा की खोटा, हाच सगळा प्रश्न आहे. मी ती नववी पायरी दाखवली असती तर सत्य उघड झालं असतं. पण शास्त्र चमत्काराला पुरावाच मानत नाही. अनुवादाच्या पुस्तकात याबद्दल दोन कसोट्या आहेत. अठराव्या अध्यायातली सोपी आहे : संदेष्ट्याने सांगितलेलं घडलं नाही, तर तो देवाकडचा नव्हता. तेराव्या अध्यायातली अवघड आहे : त्याने सांगितलेलं चिन्ह खरंच घडलं, तरीही तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. चिन्ह खरं निघालं तरी! आणि मत्तयाच्या सातव्या अध्यायात, लांडग्यांच्या इशाऱ्यानंतर लगेच, येशू त्या दिवसाबद्दल बोलतो ज्या दिवशी पुष्कळ जण येऊन म्हणतील की आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, पराक्रम केले. तो त्यांना खोटारडे म्हणत नाही. तुम्ही काही केलंच नाहीत, असंही म्हणत नाही. तो म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही.

म्हणजे ती बाई खरोखर ठणठणीत बरी होऊन घरी चालत गेली असती, तरी ब्रदर खरे शिक्षक की खोटे, हा प्रश्न तिथेच उभा राहिला असता. मग कसोटी कशाची लावायची?

येशू फळांची म्हणतो. काटेरी झुडपाला अंजीर लागत नाहीत. ऐकायला सोपं आहे, पण शेतातला माणूस सांगेल, फळ म्हणजे वाट बघणं. रोप लावल्या दिवशी फळ दिसत नाही. रील तीस सेकंदांची असते आणि अंजिराला वर्षं लागतात. मावशीची जखम दिसायला सहा-सात महिने गेले.

*

या वाट बघण्याबद्दल एक प्रसंग यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. मी तो लहानपणी ऐकला होता, पण तेव्हा त्यातला माणूस दिसला नव्हता.

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम घेतलं. राजा, कारागीर, मंदिरातली भांडी, सगळं उचलून नेलं. मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न होता : हे संपणार कधी? यिर्मया मानेवर लाकडी जू घालून गावात फिरत होता. सांगत होता, की बाबेलचं जू इतक्यात उतरणार नाही, मान वाकवा आणि जगा. मग मंदिरात सगळ्यांदेखत हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला. तोही देवाच्याच नावाने बोलला : दोन वर्षांत भांडी परत येतील, नेलेली माणसं परत येतील. त्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू काढलं आणि सगळ्यांसमोर मोडलं.

तुम्ही त्या गर्दीत आहात असं समजा. तुमचा मुलगा बाबेलात आहे. एकजण म्हणतो तो परत येईल, दुसरा म्हणतो येणार नाही. दोघेही देवाचं नाव घेतात, दोघांचाही आवाज खणखणीत आहे. तुम्ही कुणाला खरं मानाल? मी सांगतो, मी हनन्याचा व्हिडिओ केला असता. जू मोडतानाचा शॉट तर काय सुंदर आला असता!

पण या प्रसंगात मला थांबवलं ते यिर्मयाने. हनन्याचं भाषण संपल्यावर तो आधी म्हणतो, आमेन. तसंच होवो. तू म्हणतोस ते देव खरं करो. त्याला स्वतःचं खरं व्हायला नको होतं. मग तो एवढंच म्हणतो, की शांतीचं भाकीत करणाऱ्याचं खरेपण ते घडल्यावर कळतं. आणि जू मोडल्यावर तो वाद न घालता आपल्या वाटेने निघून जातो. दुसरा संदेश, लाकडी जागी लोखंडी जू येणार असल्याचा, त्याला नंतर मिळतो.

हनन्या ढोंगी होता असं त्या अध्यायात कुठे म्हटलेलं नाही. तो लोकांना खोट्याच्या भरवशावर ठेवतो, एवढं म्हटलंय. कदाचित त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत असेल. मी ब्रदरना सभेनंतर गाडीत एकटे असताना रडताना बघितलंय. प्रार्थना करतानाच ते रडत होते, आणि समोर कॅमेरा नव्हता. त्यामुळे ‘तो मनापासून बोलतो’ ही कसोटी मी सोडून दिली. मनापासून बोलणारा माणूसही मनापासून चुकीच्या रस्त्याला नेऊ शकतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर दोन्ही एकाच वाक्यात येतं : असे लोक दुसऱ्यांना फसवतात आणि स्वतःही फसलेले असतात.

*

मग दिसण्यासारखं, मोजण्यासारखं काहीच नाही का? आहे. आणि ते इतकं साधं आहे की आश्चर्य वाटतं. भाकरी आणि पैसा.

मीखा तिसऱ्या अध्यायात त्याच्या काळच्या संदेष्ट्यांबद्दल सांगतो : यांच्या तोंडात घास पडला की हे शांती शांती म्हणतात, नाही पडला की त्याच माणसाविरुद्ध युद्ध पुकारतात. यहेज्केल चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांवर तुटून पडतो : चरबी तुम्ही खाता, लोकर तुम्ही पांघरता, आणि दुबळ्या मेंढराला बळ दिलं नाहीत, मोडलेल्याला पट्टी बांधली नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर आहे, की ते लोभापायी रचलेल्या गोष्टी सांगून तुमचाच व्यापार करतील. यहूदाचं पत्र अशांना स्वतःचंच पोट भरणारे मेंढपाळ म्हणतं, आणि लगोलग म्हणतं, पाणी नसलेले ढग. नगरच्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही. जूनमध्ये आभाळ भरून येतं, वारा सुटतो, बाया वाळवणं उचलतात, आणि ढग डोक्यावरून पुढे निघून जातात.

पौलाचं उदाहरण याच्या उलट्या बाजूचं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात तो इफिसच्या वडिलांना मिलेत गावी बोलावून निरोप देतो. सांगतो, की मी गेल्यावर लांडगे येतील, आणि काही तुमच्यातूनच उठतील. आणि मग पुरावा म्हणून काय देतो? आपले हात. मी कुणाच्या सोन्यारुप्याचा, कपड्यालत्त्याचा लोभ धरला नाही, माझ्या आणि माझ्या सोबत्यांच्या गरजा या हातांनी भागवल्या. तो तंबू शिवायचा. त्या हातांना सुईचे घट्टे असणार.

पहिल्या पिढ्यांतल्या मंडळ्यांसाठी ‘दिदाखे’ म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’ नावाची एक छोटी पुस्तिका होती. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा त्यानंतर थोड्या काळाची. ती बायबलमध्ये नाही. तिचं पूर्ण हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस या बिशपना सापडलं. फिरत्या उपदेशकांचं काय करायचं, याचे त्यात नियम आहेत, आणि ते एखाद्या अनुभवी आजीने लिहिल्यासारखे आहेत. प्रेषित आला तर प्रभू आल्यासारखं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन पंगत मांडा म्हणाला आणि स्वतःच तीत जेवायला बसला तर खोटा. आत्म्यात येऊन ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नका. मात्र दुसऱ्या गरजवंतासाठी मागितले, तर त्याला कुणी दोष देऊ नका.

गंमत म्हणजे तीच पुस्तिका असंही बजावते, की आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका. आधी मला ही विसंगती वाटली. मग लक्षात आलं, की ती लोकांना सांगतेय, त्याचा आवेश आणि त्याचे शब्द मोजत बसू नका, ते तुम्हाला जमणार नाही. तो जेवतो कसा आणि वागतो कसा, ते बघा. हे तत्त्वज्ञान न शिकलेल्या, गुलाम, विधवा, मजूर अशा माणसांच्या हातात दिलेलं मोजमाप होतं. आपल्याकडे तुकोबांनी भोंदू साधूंना सोलून काढलं तेही त्यांच्या वागण्याकडे, लोभाकडे बोट दाखवूनच.

*

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नव्या करारातले सगळेच इशारे पैशाबद्दलचे किंवा बलवानांविरुद्धचे नाहीत. गलतीकरांना लिहिताना पौल म्हणतो, की वेगळं शुभवर्तमान सांगणारा स्वर्गातला दूत असला तरी तो शापित असो. योहानाच्या दुसऱ्या पत्रात वेगळी शिकवण आणणाऱ्याला घरात घेऊ नका, असंही आहे. ही वाक्यं पुढे कुणाच्या हातात पडली, हे आपल्याला माहीत आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं आणि १८१२ मध्ये कायमचं उठलं. त्याच्या तावडीत सापडले ते मुख्यतः ख्रिस्ती झालेलेच लोक, जुने रीतिरिवाज लपून पाळल्याच्या संशयावरून. मंडळीला खोट्यापासून वाचवायचं, हीच भाषा तेव्हाही होती.

आणि खोटं ठरवण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न एका मराठी बाईने फार आधी विचारून ठेवलाय. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी त्रैक्याबद्दल, येशूच्या दैवीपणाबद्दल, चर्चच्या मतांगीकाराबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला, नम्रतेचा अभाव दिसला. रमाबाईंनी पत्रांतून उत्तर दिलं त्याचा सारांश असा, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण धर्मगुरूच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. एका पुरोहितशाहीचं जू आत्ताच मानेवरून उतरवलंय, ते दुसऱ्या पुरोहितांकडून पुन्हा चढवून घेणार नाही.

त्या रविवारच्या उपदेशात रमाबाई समोर बसल्या असत्या, तर बोट त्यांच्याकडेही गेलं असतं. फूट पाडणारी, अहंकारी, अधिकार न मानणारी. आणि फळाची कसोटी लावायची, तर केडगावला मुक्ती मिशन आहे. दुष्काळात वाऱ्यावर पडलेल्या शेकडो मुली आणि विधवा तिथे जगल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी मराठीत आणलेलं बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून आलं. प्रश्न विचारणारी बाई शास्त्र सोडून गेली नाही. ती शास्त्राच्या जास्त जवळ गेली.

लूक बिरुयाच्या लोकांना मोठ्या मनाचे म्हणतो, ते याचसाठी. पौल स्वतः येऊन शिकवत होता, तरी ते रोज शास्त्र उघडून तपासायचे की हा म्हणतो ते खरं आहे का. पौलाने त्यांना ग्रुपमधून काढलं नाही. उलट योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस भेटतो, ज्याला मंडळीत पहिलं राहायची हौस आहे. तो पाहुण्या बंधूंना घरात घेत नाही, आणि जे घेतात त्यांनाच मंडळीबाहेर घालवतो. हाकलून देणारा नेहमीच बरोबर असतो असं नाही, हे सांगायला ते छोटं पत्र पुरेसं आहे.

आणि निदणाचा दाखला आहे. गव्हात रात्री कुणीतरी निदण पेरून जातो. चाकर म्हणतात उपटून टाकू, मालक म्हणतो नको. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. माझ्या रागाला हा दाखला मुळीच आवडला नाही. मला ब्रदर उपटून हवे होते.

पण वाढू द्या म्हणजे त्याची भाकरी करून खा, असं मालक म्हणत नाही. माणसाचा शेवटचा निवाडा माझ्या हातात नाही. मात्र त्याचं ऐकून कुणी औषध सोडणार असेल, तर ‘थांबा’ म्हणणं माझ्या हातात आहे. मी या दोन गोष्टींची गल्लत करत होतो. कधी निवाडा करायला धावत होतो, तर कधी निवाडा माझा नाही म्हणून गप्प बसत होतो. गप्प बसणं मला जास्त जमलं होतं.

*

तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकांच्या इशाऱ्याची सुरुवात शिक्षकापासून होत नाही. ती ऐकणाऱ्यांपासून होते. लोकांना खरी शिकवण सोसवणार नाही, त्यांच्या कानांना खाज सुटेल, आणि ती भागवायला ते स्वतःच आपल्याभोवती शिक्षक गोळा करतील. गोळा करणारे आपण. हल्ली तर गोळाही करावं लागत नाही. एक क्लिप शेवटपर्यंत बघितली की तसल्याच दहा हजर होतात.

त्या खाजेला आणि जखमेला जोडणारा एकजण मध्ये होता, तो मी. यिर्मया सहाव्या अध्यायात म्हणतो, की यांनी माझ्या लोकांची जखम वरवर बरी केली. माझं काम तेच होतं. वरवर. मी एकही खोटा शब्द बोललो नव्हतो, आठही पावलं खरी होती. पण आठ पावलं दाखवून नववं लपवलं, तर ती आठही खोटी होतात. आणि मी मंडपातला लांडगा शोधत फिरत होतो!

मूळ फुटेज माझ्याकडे हार्ड डिस्कवर होतं. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन मावशीकडे गेलो. तिला आधी सांगितलं, की तो व्हिडिओ मी केला होता. ती काही बोलली नाही. मग सगळं लावलं, न कापलेलं. आठ पावलं. नववं. ते बसणं, ती मुलं, रिक्षा. मी मावशीच्या तोंडाकडे बघत होतो. ती ओरडेल, रडेल, मला घराबाहेर काढेल, याची तयारी ठेवून.

तिने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “मग त्या बाईचं पुढं काय झालं?”

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. ब्रदरनी विचारलं नव्हतं. व्हिडिओखाली शेकडो लोकांनी आमेन लिहिलं होतं, त्यांतल्या कुणी विचारलं नव्हतं. अंगठा गेलेल्या मावशीने विचारलं. यहेज्केलच्या मेंढपाळांनी जे केलं नाही, ते हेच असणार. जे मेंढरू कळपाबरोबर चाललं नाही, ते कुठे आहे?

तेव्हापासून माझ्यापुरती कसोटी ही आहे. कुठलाही शिक्षक असो, माझ्या धर्माचा, दुसऱ्याच्या धर्माचा, बिनधर्माचा. तो किती जणांना बरं करतो हे मी बघत नाही. जो बरा झाला नाही, त्याच्या दारात हा जातो का? माझ्या आजोबांकडे मोठा आवाज नव्हता, मंडप नव्हता. पण त्यांच्या जुन्या डायरीत प्रार्थनेची यादी आहे, आणि काही नावांपुढे तारखांची रांगच्या रांग आहे. भेटलो. भेटलो. पुन्हा भेटलो. बरा झाला, असं त्यांपैकी फार थोड्या नावांपुढे लिहिलंय.

त्या बाईचं गाव शोधायला तीन आठवडे लागले. मी गेलो तेव्हा ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. गुडघे तसेच होते. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, “माझाच विश्वास कमी पडला, बाबा. नाहीतर त्या दिवशी देवानं चालवलं होतं मला.”

तिला एवढंच सांगायला मी आलो होतो, की तुमचं काही कमी पडलं नव्हतं. ते मी सांगितलं. तिला पटलं की नाही, माहीत नाही. तिने सुनेला चहा टाकायला सांगितलं. व्हिडिओ काढून टाकता येईल का, असं तिच्या मुलाने विचारलं. तो माझ्या हातात नाही, चॅनल माझा नाही, मी मागणी लिहून पाठवलीय आणि पुन्हा पाठवेन, असं म्हणालो. निघताना ती उठू लागली, मी नको म्हणालो. तरी ती भिंत धरून उठली आणि दारापर्यंत आली.

मी पावलं मोजली नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय.